भिंतीतले दार

दिवाळीपूर्वीच्या आठवड्यात आमच्या घरात भाजणीचा खमंग वास भरून राहतो. तांदूळ, हरभऱ्याची डाळ, मुगाची डाळ, उडदाची डाळ, मूठभर धने आणि जिरे ही सारी वेगवेगळी भाजावयाची आणि मग एकत्र दळून आणावयाची, ही रीत आजीने आईला शिकवली आणि आईकडून ती माझ्या पत्नीकडे आली. तांदळात डाळी कशासाठी, असे आजीला विचारले असते तर "त्यावाचून का चकली होते?" या उत्तराने विषय संपला असता. रसायनशास्त्रज्ञाला विचारले तर तो आणखी एक कारण सांगेल. तांदूळ, गहू, ज्वारी या धान्यांच्या प्रथिनांत लायसीन नावाचे एक द्रव्य बेताचेच असते. डाळींत मात्र ते भरपूर असते. उलट डाळींत जे मेथिओनीन कमी पडते, ते धान्यांत असते. वरण-भात काय, पिठले-भाकरी काय किंवा चकलीची भाजणी काय, एकाचे उणे दुसऱ्याने भरून काढावयाचे, हाच त्यांतला व्यवहार आहे.

लायसीन आणि मेथिओनीन ही अ‍ॅमिनो आम्ले होत. वीस प्रकारच्या अशा आम्लांच्या माळा गुंफून सृष्टीतली बहुतेक सारी प्रथिने बनतात. त्यांपैकी काही माणसाच्या शरीराला स्वतः तयार करता येत नाहीत; ती अन्नातूनच मिळवावी लागतात. कोंबड्या आणि डुकरे यांचीही तीच गत. म्हणून जगभर त्यांच्या खाद्यात लायसीन मिसळतात, आणि त्यासाठी दरसाल वीस लाख टनांहून अधिक लायसीन तयार केले जाते. ते शेतात पिकत नाही आणि डाळींतूनही काढीत नाहीत. साखरेच्या पाण्याने भरलेल्या प्रचंड टाक्यांत एक सूक्ष्म जंतू ते तयार करतो आणि आपल्या पेशीबाहेर टाकतो.

"बाहेर टाकतो" हे शब्द लिहावयास किती सोपे! पण जंतू ते बाहेर टाकतो कसे, या एका प्रश्नावर विद्वानांची तीस वर्षे चुकीच्या वाटेवर गेली. त्या वाटेवर मीही होतो. एका महाविद्यालयात मी सूक्ष्मजंतुशास्त्र शिकवीत असे, आणि जे खरे नव्हते ते वर्षानुवर्षे फळ्यावर आकृती काढून शिकवले. आज जी हकिकत सांगावयाची आहे, तिचा माझ्याशी संबंध तो एवढा.

* * *

हकिकतीचा आरंभ होतो जपानी स्वयंपाकघरात. किकुनाए इकेदा हे टोकियोच्या शाही विद्यापीठात रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते. तरुणपणी ते शिक्षणासाठी जर्मनीत लाइपझिग येथे राहिले. परतताना १९०१ साली लंडनमध्ये काही आठवडे त्यांचा मुक्काम नात्सुमे सोसेकी यांच्याच बिऱ्हाडी होता. हे सोसेकी पुढे जपानचे थोर कादंबरीकार झाले. एक साहित्याचा आणि दुसरा रसायनाचा असे दोन विद्यार्थी परक्या मुलखात एका छपराखाली बसून काय काय बोलत असतील, याची कल्पना करावयास मला नेहमी आवडते.

जपानी घरांत कोंबू नावाच्या समुद्री वनस्पतीचा सार करतात. आपल्याकडे आमटीला जे स्थान, तेच तिकडे या साराला. या सारात गोड, आंबट, खारट, कडू यांपैकी कोणतीच चव नाही, तरी जीभ तृप्त होते, हे इकेदांच्या लक्षात आले. तीच चव त्यांना टोमॅटोत, चीजमध्ये आणि मांसातही सापडली. १९०८ साली त्यांनी सुमारे १२ किलो वाळलेला कोंबू घेऊन, तो उकळून, गाळून, आटवून त्यातून ३० ग्रॅम स्फटिक काढले. ते होते ग्लुटामिक आम्ल. हे आम्ल काही नवे नव्हते. रिटहाउझेन नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८६६ सालीच ते गव्हाच्या चिकातून वेगळे केले होते. पण त्याला त्यात चवीची काही महती दिसली नाही. इकेदांना ती दिसली आणि त्यांनी त्या चवीला "उमामी" हे नाव दिले. त्याच वर्षी त्यांनी पेटंट घेतले, आणि १९०९ साली सुझुकी साबुरोसुके या उद्योजकाने ते मीठ बाजारात आणले. त्याचे नाव "अजिनोमोतो", म्हणजे चवीचे मूळ. आपल्याकडे चिनी पदार्थांच्या गाड्यांवर अजिनोमोटो म्हणतात, ते हेच.

परंतु बारा किलो वनस्पतीतून तीस ग्रॅम, या हिशेबाने कारखाना चालत नाही. म्हणून गव्हाचा चीक तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लात तासन् तास उकळावयाचा, त्यातली प्रथिने मोडावयाची आणि मग त्या मिश्रणातून हवे ते वेचून घ्यावयाचे, अशी रीत बसली. आम्ल धातूची भांडी खाऊन टाकी, म्हणून आरंभी मातीचे मोठे रांजण वापरावे लागले. आम्लाच्या वाफा कामगारांच्या नाकातोंडात जात. गव्हाच्या पाठोपाठ सोयाबीनही या कामी आले. सुमारे अर्धे शतक हा खटाटोप चालला. माणसाच्या तोंडचे प्रथिन मोडावयाचे आणि त्यातून चवीचे चिमूटभर मीठ काढावयाचे, असा तो उफराटा व्यवहार होता.

* * *

दुसरे महायुद्ध संपले तेव्हा जपानात अन्नाचा आणि विशेषेकरून प्रथिनांचा मोठा तुटवडा होता. अशा वेळी क्योवा हाक्को या आंबवणीचा उद्योग करणाऱ्या कंपनीत शुकुओ किनोशिता या शास्त्रज्ञाने एक धाडसी विचार मांडला. साखरेपासून जंतू मद्य करतात, तर साखरेपासून अ‍ॅमिनो आम्ले का करू नयेत?

आज हा विचार सरळ वाटतो, पण त्या काळी जाणकारांना तो वेडगळ वाटला असल्यास नवल नाही. मद्य हा यीस्टच्या दृष्टीने टाकाऊ माल आहे; तो ती बाहेर टाकणारच. अ‍ॅमिनो आम्ल मात्र जंतूच्या शरीराची वीट आहे. घर बांधावयास घेतलेला गवंडी विटा रस्त्यावर कशाला टाकील? शिवाय गरजेपुरता माल तयार झाला की उत्पादन थांबवावयाचे, अशी शिस्त पेशीत असते.

तरी शोध सुरू झाला. किनोशितांचे तरुण सहकारी शिगेझो उदाका यांनी त्यासाठी एक नामी युक्ती काढली. मातीतले नाना जंतू एका थाळीवर वाढवावयाचे. मग ज्याला ग्लुटामिक आम्ल स्वतः करता येत नाही, असा दुसरा परावलंबी जंतू त्यांच्यावर पसरावयाचा. हा परावलंबी जिथे जिथे तरारून वाढेल, तिथे खाली कोणीतरी दाता बसलेला आहे असे समजावयाचे. याचकाची गर्दी पाहून दात्याचे घर ओळखावे, तसाच हा प्रकार. या पद्धतीने शेकडो जंतू झपाट्याने पारखता आले, आणि १९५६ साली दाता सापडला. टोकियोच्या उएनो प्राणिसंग्रहालयातून आणलेल्या मातीत तो होता. ती माती पक्ष्यांच्या विष्ठेने माखलेली होती. १९५७ साली किनोशिता, उदाका आणि शिमोनो यांनी आपला निबंध प्रसिद्ध केला. या जंतूला आरंभी मायक्रोकॉकस ग्लुटामिकस म्हणत. आज त्याचे नाव कोरिनेबॅक्टेरियम ग्लुटामिकम असे आहे. आम्लाचे रांजण यथावकाश अडगळीत गेले.

पुढच्याच वर्षी, १९५८ साली, किनोशितांच्या मंडळींनी या जंतूकडून लायसीनही करवून घेतले. त्याची गंमत अशी. पेशीत लायसीन आणि थ्रिओनीन अशी दोन आम्ले एकाच वाटेने तयार होतात. दोन्ही पुरेशी साठली म्हणजे वाटेच्या आरंभीचे विकर काम बंद करते. संशोधकांनी असा विकृत जंतू निवडला, की ज्याला थ्रिओनीनच्या वाटेवरचा होमोसेरीन हा टप्पाच ओलांडता येत नाही. थ्रिओनीन साठत नाही म्हणून "पुरे" हा हुकूम सुटत नाही, आणि बिचारा जंतू लायसीन करीतच राहतो. पुढे अशा विकृतींवर विकृती साधत उत्पन्न वाढत गेले. वाट कशी मोकळी करावी, धोंडे कोठले काढावे, हे शास्त्र उत्तम जमले.

मात्र माल दाराशी आल्यावर बाहेर कसा जातो, इकडे फारसे कोणी पाहिले नाही.

* * *

न पाहण्याला कारणही होते. एक उत्तर आधीच तयार होते आणि ते फार पटण्यासारखे होते.

जंतूची पेशी एका पातळ पटलाने वेढलेली असते. हे पटल मुख्यतः मेदाचे असते, आणि अ‍ॅमिनो आम्ले पाण्यात विरघळणारी. तेलाच्या थरातून मीठ पार जात नाही, तशी ती या पटलातून आपोआप जात नाहीत. मग ग्लुटामिक आम्ल जाते कसे? संशोधकांना असे आढळले, की या जंतूला बायोटिन हे जीवनसत्त्व बाहेरून लागते. ते भरपूर दिले तर जंतू चांगला पोसतो, पण आम्ल बाहेर टाकीत नाही. हात आखडून दिले म्हणजे मात्र टाकू लागतो. साठच्या दशकात उसाच्या मळीवर जंतू वाढवू लागले. मळी स्वस्त खरी, पण तीत बायोटिन फार. तेव्हा असे दिसून आले, की वाढीच्या मध्यावर थोडे पेनिसिलिन घातले, किंवा मेदाम्लांपासून केलेले साबणासारखे विशिष्ट पदार्थ घातले, तरीही आम्ल बाहेर येते.

आता या तीन उपायांत समान काय आहे पाहा. बायोटिनवाचून जंतूला मेदाम्ले करता येत नाहीत, म्हणजे पटल विरळ होते. पेनिसिलिनने पेशीची भिंत खिळखिळी होते. साबणासारखे पदार्थ मेदाची घडी विस्कटतात. तिन्ही घाव वेष्टनावरच! तेव्हा वेष्टन फाटके झाले आणि आतला माल गळू लागला, यापेक्षा सोपे स्पष्टीकरण ते काय असणार? १९६२ पासून हेच मत रूढ झाले. पुस्तकांत आले, परीक्षांत आले. मीही फळ्यावर एक गोल काढी, त्याच्या कडेला खडूनेच भोके पाडी आणि त्यांतून बाणांवर बाण बाहेर सोडी. आकृती मोठी झोकदार दिसे.

१९८६ च्या सुमाराची गोष्ट. मी ती आकृती काढून हात झटकीत होतो, तोच मागच्या बाकावरची एक विद्यार्थिनी उभी राहिली. एरवी ती वर्गात अवाक्षर बोलत नसे. ती म्हणाली, "सर, भिंतीला भोके पडली तर सगळेच गळायला हवे ना? मग एकटे ग्लुटामिक आम्लच कसे गळते?" मी काहीतरी उत्तर दिले. तिचे समाधान झाले नाही. ती पुढे म्हणाली, "आणि सर, लायसीनच्या वेळी बायोटिन भरपूर असते, पेनिसिलिनही घालीत नाहीत. तेव्हा भिंत शाबूतच असते. मग लायसीन कुठून येते?"

यावर द्यावयाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. प्रामाणिकपणे "मला ठाऊक नाही" एवढे म्हणावयाचे होते. पण भरल्या वर्गासमोर ते जड गेले. "परीक्षेत हे विचारीत नाहीत, खाली बस," असे मी म्हणालो. वर्ग हसला. ती बसली आणि त्यानंतर वर्षभर तिने प्रश्न विचारला नाही.

* * *

तिचे दोन्ही प्रश्न मर्मावर बोट ठेवणारे होते. तिसराही एक विचारता आला असता. कारखान्यातल्या टाकीत अखेरीस लीटरमागे शंभर ग्रॅमच्या आसपास ग्लुटामिक आम्ल साठते. पेशीच्या आत त्याहून कमी असते. नुसत्या भोकातून माल जास्तीकडून कमीकडे जाईल. कमीकडून जास्तीकडे कसा चढेल? फुटक्या घागरीतले पाणी विहिरीत वर चढत नाही.

हेच प्रश्न जर्मनीत युलिश येथील संशोधनकेंद्रात विचारले जात होते. १९८९ साली होइशेन आणि ऱ्हाइनहार्ट क्रेमर यांनी प्रयोगांनिशी दाखवले, की आम्ल बाहेर पडत असताना पेशीचे पटल शाबूत असते, त्याच्या दोन बाजूंमधला विद्युत्दाबही टिकून असतो. ज्या घराच्या भिंती फुटल्या त्या घरात हा दाब टिकत नाही. तेव्हा ही गळती नव्हे. हे काम पटलात बसलेले एखादे वाहक प्रथिन करीत असले पाहिजे. सोप्या भाषेत सांगावयाचे तर, भिंत फुटलेली नव्हती. भिंतीत दार होते. १९९१ साली ब्रोअर आणि क्रेमर यांनी लायसीनच्या बाबतीतही तेच दाखवले.

दार आहे असे कळणे वेगळे आणि दार सापडणे वेगळे. ते सापडले १९९६ साली, युलिश येथेच. मरीना व्रलिच, हेर्मान झाम आणि लोथार एगेलिंग यांनी लायसीन बाहेर न टाकू शकणारा विकृत जंतू मिळवला, आणि निरोगी जंतूचा कोणता जनुक त्याला दिला असता तो पुन्हा लायसीन बाहेर टाकू लागतो ते शोधून काढले. त्या जनुकाला त्यांनी "लायसई" असे नाव दिले. त्याच्या प्रती वाढवल्या, तेव्हा लायसीन बाहेर जाण्याचा वेग कित्येक पटींनी वाढला. अ‍ॅमिनो आम्ल पेशीबाहेर नेणाऱ्या वाहकाचा जनुक असा हाती लागण्याची ही पहिली वेळ होती. या प्रथिनाचे भाईबंद पुढे पुष्कळ जंतूंत आढळले.

पण जंतूने हे दार ठेवले कशासाठी? कारखानदाराच्या सोयीसाठी खासच नव्हे. याचेही उत्तर त्याच निबंधात होते. मातीत कुजणाऱ्या प्रथिनांचे तुकडे जंतू गिळतो. त्यांत लायसीन असते. या जंतूला लायसीन मोडून त्याची विल्हेवाट लावता येत नाही. दार नसलेल्या जंतूला लायसीनयुक्त तुकडे खाऊ घातले तेव्हा त्याच्या पोटात लीटरमागे दीडशे ग्रॅमहून अधिक या प्रमाणात लायसीन साठले आणि त्याची वाढ थांबली. अन्नच त्याला बाधले. जे साठवून घात होतो ते बाहेर देऊन टाकावे, यासाठी ते दार आहे. गवंडी विटा रस्त्यावर का टाकतो, या जुन्या प्रश्नाचे हे उत्तर झाले.

* * *

एक दार सापडल्यावर शोधाची दिशाच पालटली. उत्पन्न वाढवावयाचे तर आतल्या वाटा रुंद करून भागत नाही, दारेही रुंद करावी लागतात, हे सर्वांना पटले. मंडईत माल येऊन पडला आहे आणि फाटक मात्र एकच अरुंद, असे झाले म्हणजे माल आतच नासतो, आणि मागून येणाऱ्या गाड्या अडतात. पेशीतही तसेच होते. साठलेले आम्ल स्वतःचेच उत्पादन थांबवते.

मॉस्को येथे देबाबोव आणि लिव्शित्स यांच्या गटाने थ्रिओनीन करणारा एश्चेरिकिया कोलाय हा जंतू पूर्वीच सिद्ध केला होता. थ्रिओनीनचा आणि होमोसेरीनचा भला मोठा डोस पचवून जगणारे विकृत जंतू त्यांनी निवडले होते. ते जगत का, हे पुढे उलगडले. १९९९ साली "आरएचटीबी" आणि "आरएचटीसी" या दोन वाहकांची माहिती प्रसिद्ध झाली. २००३ साली "आरएचटीए" या तिसऱ्याची कहाणी आली. त्यात जनुकाच्या अगदी उंबरठ्यावर, प्रथिनाचा मजकूर सुरू होण्याच्या एक अक्षर आधी, एकच अक्षर बदलले होते. त्यामुळे वाहक अधिक प्रमाणात तयार होई. निवड करणाऱ्यांनी नकळत दारच रुंद झालेला जंतू उचलला होता!

सिस्टीन या आम्लाची गोष्ट घरच्या बायामाणसांना ऐकावयास विचित्र वाटेल. पावाची कणीक मऊ करण्यासाठी आणि औषधांसाठी ते लागते, आणि दीर्घकाळ ते माणसाचे केस व पक्ष्यांची पिसे आम्लात उकळून काढीत. २००० साली म्युनिक येथे डासलर, ब्योक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलायमधले एक वाहक शोधले, की ज्याच्या प्रती वाढवल्यास सिस्टीन पेशीबाहेर येऊन साठते. सिस्टीन पेशीला जहाल असल्याने इथे दाराचे महत्त्व फारच मोठे. जर्मनीतील वाकर कंपनी आता साखरेच्या आंबवणीतून सिस्टीन करते. त्यात केस नाहीत आणि पिसेही नाहीत.

आणखी एक बारकावा सांगावयास हवा. घराला बाहेर जाण्याची दारे असतात तशी आत येण्याचीही असतात. टाकलेले आम्ल जंतू पुन्हा आत ओढू लागला, तर सारा खटाटोप फुकट. क्योवा हाक्कोचे मासातो इकेदा यांनी १९९५ साली कात्सुमाता यांच्यासह दाखवून दिले, की आत घेण्याची शक्ती मंदावलेले जंतू ट्रिप्टोफेन अधिक देतात. तेव्हा बाहेरचे दार उघडा आणि आतले लावून घ्या, असा दुहेरी उपाय आला. मात्र दारेही बेताचीच वाढवावी लागतात. पटलात वाहकांची अतोनात गर्दी केली तर जंतू कुचमतो. भिंत थोडी आणि दारेच फार, अशा घरात कोण सुखाने राहील?

अलीकडे तर या दारांची चौकटही डोळ्यांना दिसू लागली आहे. २०१६ साली टोकियोच्या संशोधकांनी आरएचटीए ज्या कुळातले, त्याच कुळातल्या एका वाहकाची रचना अणूअणूंनिशी रेखाटली. कोठला कण बदलला म्हणजे कोठले आम्ल सुलभतेने जाईल, हे अशा आकृतींवरून अजमावता येते. विकृतीची वाट पाहत बसण्याचे दिवस मागे पडत आहेत.

* * *

ज्या ग्लुटामिक आम्लापासून ही हकिकत सुरू झाली, त्याचे दार मात्र सर्वांच्या शेवटी सापडले. २००७ साली अजिनोमोतो कंपनीतले नाकामुरा आणि टोकियोतल्या तंत्रविद्यालयातले वाची यांनी सहकाऱ्यांसह ते शोधले. "एनसीजीएल १२२१" असे त्याचे रुक्ष नाव आहे. हा जनुक काढून टाकला तर बायोटिन आखडूनही आम्ल फारसे बाहेर येत नाही. त्यात काही विशिष्ट बदल केले, तर बायोटिन भरपूर असताना आणि पेनिसिलिनवाचूनही ते येऊ लागते.

हे दार ताणाने उघडते. मातीतल्या जंतूवर अवचित पाऊस कोसळला, की बाहेरचे पाणी पेशीत शिरू पाहते आणि पेशी फुगून फुटण्याची भीती निर्माण होते. अशा वेळी पटल ताणले जाते, हे दार उघडते, आतली विद्राव्य द्रव्ये बाहेर पडतात आणि जंतू वाचतो. बायोटिनचा तुटवडा, पेनिसिलिन, साबणासारखे पदार्थ हे तिन्ही उपाय पटलाची ताणाताण करतात. जंतूला वाटते पाऊस आला, आणि तो दार उघडतो.

म्हणजे जुने पंडित अगदीच चुकले होते असेही नाही. घाव वेष्टनावर बसतो, हे त्यांनी बरोबर ओळखले होते. त्या घावाने भोक पडते, हे मात्र चुकले. शिवाय या वेळी पेशीच्या आतही साखरेचा ओघ ग्लुटामिक आम्लाकडे वळवला जातो. ओडएचआय या प्रथिनाचा त्यात हात आहे, हे २००६ साली युलिश येथून प्रसिद्ध झाले. खरे उत्तर असे अनेक धाग्यांचे असते. एका ओळीत मावणारे उत्तर परीक्षेला सोयीचे, एवढेच.

क्रेमर यांचा १९८९ चा निबंध पुढच्या वर्षी ग्रंथालयात माझ्या हाती पडला. वाचता वाचता मागच्या बाकावरचा तो आवाज कानात आला. ती मुलगी तोवर पदवी घेऊन निघून गेली होती. मी त्या वर्षापासून फळ्यावरची आकृती बदलली. गोलाला भोके न पाडता एक दार काढू लागलो, आणि "हे दार अजून कोणी पाहिलेले नाही" असे वर्गाला सांगू लागलो. पुढे दारे सापडत गेली तसतशी त्यांची नावे त्यात भरली. शेवटचे नाव भरले तेव्हा निवृत्तीला थोडेच दिवस उरले होते.

माझ्या हातून शास्त्राचे काही नुकसान झाले असे मी मानीत नाही. शास्त्र माझ्यासाठी थांबले नव्हते. नुकसान झाले ते एका मुलीचे. युलिशच्या संशोधकांना जो प्रश्न पडला तोच तिला पडला होता, आणि तिला मी हसण्यावारी नेले. तिचे पुढे काय झाले, हे मला ठाऊक नाही. कोठेतरी ती आज स्वतःच्या नातवंडांसाठी चकल्या तळीत असेल, आणि फराळानंतर सवडीने दिवाळी अंक चाळीत असेल. तिच्या दृष्टीस हे पडलेच, तर तिने एवढे समजावे, की तिचे दोन्ही प्रश्न बरोबर होते. लायसीन दारातून येत होते. ग्लुटामिक आम्लही दारातूनच येत होते.